मराठिन जिज्जी

"नहीं दीदी, आखिरी लाइन नहीं कटेगी. वही तो असली लाइन है," पचौरीजी म्हणाले आणि बशीतल्या पोह्यांचा मोठा घास त्यांनी तोंडात कोंबला.

पोहे मी केले होते, त्यामुळं बशी हिसकावून घ्यायचा हक्क माझाच होता. पण पक्षाच्या जिल्हा कार्यालयातला माणूस. तिकिटांची यादी परवा लागणार. अशा वेळी मेल्याला पोहेही वाढायचे आणि वर लिंबूही पिळायचं.

समोर सोफ्याच्या कडेवर आमची स्नेहलतावहिनी बसली होती. माझी थोरली जाऊ, झाशीची खासदार. हातातला कागद ती पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू वाचून वाचून त्यातले शब्द बदलणार होते. कागदावर पचौरींनी तिच्यासाठी तीन वाक्यं उतरवून आणली होती. 'मेरी भाषा हिंदी है, मेरी बोली बुंदेली है. शपथ के दिन जो हुआ, वह मेरी भूल थी. मराठी से मेरा कोई नाता नहीं.'

"पहले दो बोल देती हूँ ना," वहिनी म्हणाली. "भूल थी, इतना काफी नहीं है क्या?"

"दीदी, आप समझ नहीं रहीं. ऊपर बैठे लोग क्लिप देखते हैं, और क्लिप दस सेकंड की होती है. एक बार साफ बोल दीजिए, टिकट पक्का समझिए."

भाऊजी, म्हणजे वहिनीचे यजमान मधुसूदनराव, खिडकीपाशी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. कसलं वाचताहेत! पान उलटल्याचा आवाज मला तरी आला नाही.

त्या शपथेची गोष्ट सांगायलाच हवी. आमचे पूर्वज पेशव्यांच्या वेळी कारकुनी करायला इकडं आले ते इथलेच झाले. घराबाहेर पडलं की आम्ही बुंदेलखंडी. बोलण्यावरून ओळखायची बिशाद नाही कुणाची. वहिनीचं माहेर ग्वाल्हेरचं, तीही तशीच. निवडून आली, दिल्लीला शपथ घ्यायला गेली. आठवडाभर हिंदी शपथेची घोकंपट्टी चालली होती, माझ्यासमोर चालली होती. आणि ऐन वेळी तिनं मान वर करून प्रेक्षकांच्या सज्जात पाहिलं. तिथं भाऊजी बसले होते, सासऱ्यांचा जुना काळा कोट घालून. बाईला काय झालं कोण जाणे, तिनं शपथ मराठीत घेतली. भाऊजी तिथंच रडले. मी इथं टीव्हीसमोर रडले. माझी लेक तन्वी, जिला मराठी नीट बोलताही येत नाही, जी मोठ्या काकूला ताईजी म्हणते, ती म्हणाली, "मम्मी, ताईजी ने तो कमाल कर दिया."

कमाल कसली, हात दाखवून अवलक्षण! विरोधकांनी तेवढाच तुकडा कापून गावभर फिरवला. झाशीनं कुणाला पाठवलंय, बाहरी को? अडीचशे वर्षं इथलं पाणी पिऊन आम्ही बाहेरचे! तेव्हापासून दर निवडणुकीत, अगदी महापालिकेच्यासुद्धा, तो तुकडा पुन्हा वर यायचा. आता पक्षातच कुजबुज सुरू झाली होती की ह्या बाईंना बदला.

पचौरी संध्याकाळपर्यंत चित्रफीत पाठवा म्हणून बजावून गेले. वहिनी थेट स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"सरला, काय करू गं?"

"नको बोलू. सरळ नको बोलू," मी म्हटलं. "नाही दिलं तिकीट तर गेले उडत. घरी बस."

"घरी बसून काय करू?" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणला. "कारखाना राहिलाय का माझा? कामाच्या बायका राहिल्यात का? तिकडं मोठ गावात जाऊन बघ. शीतगृहाच्या भिंती अर्ध्या उभ्या राहिल्यात. दुसरा कुणी आला की ते तसंच पडून राहणार. बायका टोपल्या भरून मटार आणतात, गिऱ्हाईक येईस्तोवर मऊ पडतो, फेकून जातात. त्यांना मी शब्द दिलाय. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?"

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. ह्याच ओट्यावर तिनं आलेपाकाला सुरुवात केली होती. बरुआसागरचं आलं, साखर आणि साय. पाक बोटांत धरून बघायची, पोळून पोळून बोटांची टोकं बधिर झाली होती तिची. आधी कॉलनीतल्या मराठी बायका न्यायच्या, मग बड्या बाजारात माल लागला. तिथं आलेपाक कोण म्हणणार? अदरक बर्फी झाली. नगरा मोहल्ल्यात शेड घेतली, तिथल्या बायका कामाला आल्या. सासूबाई म्हणायच्या, ब्राह्मणाची सून बाजारात बसली. ती बसली म्हणून ह्या घराचं छत राहिलं, हे मी म्हणते. माझे यजमान गेले तेव्हा मला आणि तन्वीला तिनं एका शब्दानं परकं केलं नाही. आणि खासदार झाल्यावर कुणी बोट दाखवायला नको म्हणून त्याच शेडला तिनं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. असली खुळी बाई.

"एक वाक्य आहे गं," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच समजावत होती. "बोलून टाकायचं. मनात थोडंच आहे?"

बुडत्याला काडीचा आधार. मी गप्प बसले. बसायला नको होतं की हवं होतं, मला आजही कळत नाही.

चारच्या सुमारास तन्वी मोबाइल घेऊन दिवाणखान्यात उभी राहिली. वहिनीनं फिकी निळी साडी नेसली होती. नाकात नथ नव्हतीच, पण गळ्यातलं दोन वाट्यांचं मंगळसूत्रसुद्धा तिनं पदराखाली सारलं, कारण इकडच्या बायका तसलं घालत नाहीत. मला ते बघवेना.

पहिल्यांदा दुसऱ्या वाक्यावर तिचा आवाज फुटला. दुसऱ्यांदा गल्लीत भाजीवाला ओरडला. तिसऱ्यांदा 'मराठी से' एवढं म्हणून ती थांबली, ती पुढं बोलेचना. तन्वी रडवेली झाली.

"ताईजी, रहने दीजिए ना. मत कीजिए."

"तू धर फोन," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात भाऊजी आतून आले. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. आता कागद हिसकावून फाडणार. फाडावा, असं मला फार वाटलं. देवाशपथ सांगते, मी मनात म्हटलं, फाडा हो भाऊजी.

ते वहिनीच्या मागं गेले. तिथं भिंतीवर तिचा शपथ घेतानाचा फोटो होता, मोठा, चौकटीतला. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, फोटो उतरवला आणि बाहीनं काचेवरची धूळ पुसली.

"हा मागे दिसत होता," ते म्हणाले. "उगाच घोटाळा व्हायचा."

फोटो काखेत धरून ते आत गेले. वहिनी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं पदर सावरला, मोबाइलकडं पाहिलं आणि तिन्ही वाक्यं एका दमात म्हणून टाकली. सभेत बोलते तसा स्वच्छ, खणखणीत आवाज. तन्वीनं चित्रफीत पाठवली. अर्ध्या तासात ती सगळ्या झाशीत फिरली. कुणी हात जोडल्याची चित्रं पाठवली, कुणी शिव्या. पचौरींचा फोन आला, "वाह दीदी, मैदान मार लिया!"

मग यादीची वाट बघणं. वहिनी जेवली नाही. फोन उशापाशी, फोन ओट्यावर, फोन न्हाणीघराच्या दारात. वाजला की आम्ही दोघी धावायचो. देवापुढं बसली तर तिथंही फोन मांडीवर. "होईल ना गं? एवढं केलंय, होईल ना?" हेच शंभरदा. मीही हो म्हणायचे. दुसरं काय म्हणू?

यादी आली. झाशीपुढं दुसरंच नाव होतं. लखनौचा कुणी बिल्डर; आयुष्यात कधी झाशीत मुक्कामाला राहिला नसेल. तो बाहेरचा नव्हता, हे विशेष! वहिनीनं पचौरींना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. माझ्या फोनवरून लावला, तेव्हा उचलला. "दीदी, पार्टी का फैसला है, हम तो छोटे आदमी हैं," एवढं म्हणून ठेवून दिला.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं हात झिडकारला. तोंडात पदर कोंबून ती जमिनीवर बसली आणि अशी काही रडली की शेजारच्यांनी दारं उघडून पाहिलं. भाऊजी आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

सकाळी मात्र उठून तयार. "चल," म्हणाली, "बड्या बाजारात जाऊ. शेड उघडू पुन्हा. आलं काही महाग झालेलं नाही. आधी गयाप्रसादला विचारू, माल ठेवतो का."

तिचे डोळे सुजलेले, पण चालण्यात जुनी घाई आलेली. मलाही हुरूप वाटला. म्हटलं, बरं झालं. सुंठीवाचून खोकला गेला. राजकारण सुटलं, माणूस परत आलं.

गयाप्रसाद साहू वहिनीचा सगळ्यात जुना दुकानदार. पहिला डबा त्यानंच ठेवून घेतला होता. आम्हाला बघून गल्ल्यावरून उठला, वाकून पाया पडला, दोन स्टुलं मांडली. वहिनीनं भडाभडा सगळं सांगितलं. तो मान डोलवत ऐकत होता.

"रख लेहें जिज्जी, काय नईं रख लेहें," तो म्हणाला. माल ठेवायला तयारच होता. मग जरा घुटमळला. मागच्या फळीवर त्यानं जपून ठेवलेला एक रिकामा डबा होता. त्यावर ठळक अक्षरांत नाव होतं, 'मराठिन की अदरक बर्फी'. ह्या बाजारानंच ठेवलेलं ते नाव. इथं तिला सगळे मराठिन जिज्जीच, म्हणजे मराठी ताईच, म्हणायचे; ह्या बाजारात मतंसुद्धा त्याच नावानं मागितली होती तिनं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "वीडियो देखो हमने. पै जिज्जी, डिब्बा पै अब का लिखहौ?"

डब्यावर आता काय लिहायचं, एवढंच विचारत होता; टोमणा नव्हता तो. त्याच्या तोंडावर खरीच पंचाईत होती. टोमणा असता तर मी चांगली सुनावली असती.

वहिनीनं डबा हातात घेतला, ठेवला. "सोच के बताती हूँ, भैया," म्हणाली. परतीच्या वाटेवर रिक्षात ती माझा हात एवढा घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतली. लोक नमस्कार करत होते. ती कुणाकडं बघत नव्हती.

घरी आल्यावर ती दिवाणखान्यात जमिनीवरच बसली. मी पानं घेतली. भाऊजींनी पाणी वाढलं, पाट मांडले. यादीपासून त्यांनी तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. आता ते दारात येऊन उभे राहिले. मी आमटीचं पातेलं घेऊन त्यांच्या मागंच होते.

इतक्या वर्षांच्या संसारात त्या दोघांत हिंदीचा एक शब्द झाला नव्हता. बाहेर काय बोलाल ते बोला, एकमेकांशी मराठीच. भांडणं मराठीत, लाडीगोडी मराठीत, मुलं झाली नाहीत त्याचं रडणंही मराठीत. मी साक्षीदार आहे.

"चलिए," भाऊजी म्हणाले. "खाना लग गया है."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पाहुण्याला म्हणावं तसे ते म्हणाले, अदबीनं. वहिनीनं मान वर केली. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता ती उठून त्यांचा हात धरील, अहो, असं काय करता म्हणून ओरडेल. पातेल्याचा काठ हाताला पोळत होता, तरी मी जागची हलले नाही.

तिनं डोळे पुसले, जमिनीला हात टेकून उठली.

"आ रही हूँ," ती म्हणाली.