लई सोडल्याचे दहा दिवस

कुंथुनाथांच्या तोंडी साधं काही येतच नसे. परसातली मिरची तिखटजाळ, ताक आंबटढाण, आणि विहिरीत दिसलेला बोटभर पाणसाप म्हणजे हे एवढं थोरलं धूड! निपाणीपासून बोरगावपर्यंत माणसं त्यांचं बोलणं निम्मं करूनच ऐकत.

छत्तीस सालच्या पर्युषणात बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, जो तो नियम घेत होता. कुणी मीठ सोडलं, कुणी हिरवी भाजी. सगळ्यांसमोर धोंडूबाई आपल्या नवऱ्याला, कुंथुनाथांना, म्हणाल्या, "तुमी 'लई' सोडा." आता चारचौघांत माघार कशी घेणार? कुंथुनाथांनी दहा दिवस सगळे फुगीर शब्द सोडले.

पाचव्याच दिवशी बोरगावचे रायाप्पा बायकोला घेऊन बस्तीच्या दर्शनाला आले आणि जाता जाता कुंथुनाथांच्या लेकीला, राजमतीला, बघायला घरात शिरले. त्यांचा मुलगा जत्रेत बघितल्यापासून राजमतीच्या मनात भरला होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पोरगी कशी हाय, आण्णा?"

कुंथुनाथांच्या जिभेवर गोरीपान, चुणचुणीत, लाखात एक असं सगळं गोळा झालं. त्यांनी ते गिळलं. "बरी हाय."

"सैपाक?"

"करती."

"सभाव?"

"हाय की."

रायाप्पांनी बायकोकडं पाहिलं. या माणसाचं 'बरी' निम्मं केलं तर उरतं काय? त्यांनी टोपी सारखी केली, बाई पदर सावरून उठल्या. कुंथुनाथ पेचात पडले. बोलावं तर नियम मोडतो, न बोलावं तर लेकीचं ठरत आलेलं मोडतं.

तेवढ्यात राजमतीच ताकाचे पेले घेऊन बाहेर आली.

"बसा मामा. आप्पांनी दहा दिवस 'लई' सोडलंय. मी न्हाय सोडलं. माझी आमटी झणझणीत, राग लालभडक, आणि हट्टी म्हणशीला तर मी लई म्हणजे लईच हाय!"

रायाप्पांच्या बायकोला हसू आवरेना. त्या परत बसल्या.

"आण्णा, हे बी निम्मं करायचं काय?" रायाप्पांनी विचारलं.

कुंथुनाथांनी लेकीकडं पाहिलं. "न्हाय. जेवढं बोलली तेवढीच हाय ती."

त्या माणसानं मापात सांगितलेलं असं हे पहिलंच. रायाप्पांनी ताक संपवायच्या आत होकार दिला.

नियम सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या जयाबाईंनी कुंथुनाथांना गाठलं. "जावई कसा मिळाला म्हणं?"

कुंथुनाथांनी आतल्या दाराकडं एकदा बघून घेतलं. "बरा हाय."

"आप्पा!" आतून राजमती ओरडली, "नियम कालच सुटलाय!"