‘पाणलोट’चा शेवट

अरिहंतच्या पोटात नुमानच्या नावानं दुखायचं, आणि ते दुखणं साधंसुधं नव्हतं. माणसांना दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, गाडीचा वाटतो, फार तर पगाराचा वाटतो. अरिहंतला वाटायचा तो एका बँडवरून.

‘तिसरा बोगदा’ हा पुण्याचा बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या जातीचा. म्हणजे एकेक गाणं इतकं लांब, की ते संपेपर्यंत चहा उकळून गार व्हावा. मध्येच ताल बदलतो, गाणारा गप्प बसतो आणि सिंथेसायझर एकटाच बोलत राहतो. जुन्नरच्या बाजारपेठेत बापाचं भांड्यांचं दुकान सांभाळणारा अरिहंत पुण्यात कॉलेजला होता, तेव्हा त्यानं त्यांची पहिली सीडी घेतली. पुढं बँडचं आणि सीडी काढणाऱ्याचं बिनसलं. ती सीडी परत निघाली नाही, इंटरनेटवरही आली नाही. आख्ख्या जुन्नर-आंबेगावात अस्सल माल एकट्या अरिहंतकडे राहिला. त्यातली गाणी त्यानं एकाच माणसाला दिली. तो नुमान, वजीर मंडपवाल्यांचा मुलगा, शाळेपासूनचा दोस्त.

तिथंच फसलं. नुमानला मिळालेली चीज एकट्यानं खाताच येत नाही. मागेल त्याला त्यानं ती गाणी वाटली, न मागणाऱ्यालाही वाटली. नारायणगावात टोमॅटोची आडत असलेला आदेश आला, घोडेगावचे दोघं-तिघं आले, बघता बघता टोळकं जमलं. आणि जमलं ते नुमानभोवती. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

रविवारी दुपारी मंडपाच्या गोदामात, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बैठक बसायची. गाणी ज्यानं त्यानं घरी ऐकायची, इथं नुसता वाद. तोही ठरलेला: गाणं संपावं कसं? अरिहंतचं म्हणणं, पाहुण्याला जसं वेशीपर्यंत पोचवायला जातात, तसं सिंथेसायझरनं गाणं हळूहळू लांब सोडून यावं. नुमानला ते रटाळ वाटायचं. गाणं तोडावं, असं तो म्हणायचा, आणि दाखला द्यायचा त्या सीडीतल्या ‘पाणलोट’ ह्या गाण्याचा. “ड्रम थांबला का खलास. त्याच्याफुडं काय बी न्हाई,” असं म्हणून तो टाळी वाजवायचा आणि सगळे माना डोलवायचे.

अरिहंतच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ड्रम थांबल्यावर सिंथेसायझर जे वाजतो, ज्यासाठी आपण ही सीडी जपली, ते ह्याला काहीच नाही? मग तो तावातावानं सांगायचा, की ड्रमच्या नंतरच खरं पाणी वाहायला लागतं. बाकीचे त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. अरिहंत काहीतरी अध्यात्मातलं बोलतोय, असा त्यांचा समज झाला होता.

अशात बातमी आली. ती पहिली सीडी नव्यानं निघणार होती, मोठ्या काळ्या रेकॉर्डवर, आणि कव्हरवर एका चाहत्याचा मजकूर छापायचा होता. बँडची सिंथेसायझरवाली समृद्धी नारायणगावला येऊन ह्या मंडळींना भेटणार आणि माणूस निवडणार. नुमानच लिहिणार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. अरिहंतनंही तोंडानं तेच म्हटलं. घरी येऊन मात्र ताटावर असा करवादला, की त्याची आई मोहनबाई म्हणाली, “त्यो बँड काय तुझ्या बापानं काढलाय व्हय?”

त्याला ते नाव हवं होतं. आपलं, छापील, त्या कव्हरवर. आजवर एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नुमाननं मंडपासाठी नवे स्पीकर आणले आणि अरिहंतला ऐकायला बोलावलं. लावलं अर्थात ‘पाणलोट’. ड्रम थांबला. अरिहंत डोळे मिटून सिंथेसायझरची वाट बघत राहिला, आणि सुरू झालं हळदीचं गाणं.

त्यानं डोळे उघडले आणि त्याला सगळं उमगलं. नुमानला गाणी दिली त्या वर्षी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून तो त्याचं मेमरी कार्ड भरून देत होता. तेवढ्यात हंड्यांचं गिऱ्हाईक आलं म्हणून वडिलांनी, सुवालालजींनी हाक मारली आणि त्यानं गाणं पुरतं उतरायच्या आत कार्ड उपसून काढलं. तेच तुटकं गाणं नुमाननं ऐकलं, त्याच्यावर जीव टाकला आणि साऱ्या टोळक्याला वाटलं. इतकी वर्षं दोघं एका शेवटावरून भांडत होते आणि शेवट दोघांचे दोन होते.

खरा दोस्त असता तर तिथल्या तिथं बोलला असता. अरिहंत म्हणाला, “स्पीकर लई भारी हायेत,” आणि घरी आला. त्या दिवशी दुकानात त्यानं गिऱ्हाइकाशी घासाघीस न करता कुकर देऊन टाकला.

समृद्धी आली ती आदेशच्या आडतीवर, क्रेटच्या थप्प्यांमध्ये खुर्च्या मांडून बसवलेल्या बैठकीला. साधी बाई, पन्नाशीकडे झुकलेली. नुमान बोलायला उभा राहिला आणि ‘पाणलोट’ कसं कापल्यासारखं थांबतं, हे त्यानं रंगवून रंगवून सांगितलं. समृद्धीच्या कपाळाला आठी पडली.

अरिहंत ह्याचीच वाट बघत होता. “ताई, ह्यानं ऐकलंय ते गानं तुटकं हाय,” तो म्हणाला, आणि लॅपटॉपवर आधी नुमाननं आदेशला दिलेलं गाणं लावलं, मग सीडीवरचं. ड्रमनंतर सिंथेसायझर वाजत राहिला तसा नुमानचा चेहरा उतरत गेला. कुणीतरी फिसकन हसलं. नुमान खाली बसला. खोटं कशाला सांगा, अरिहंतला आनंद झाला. पोटभर झाला.

“ते तुटकं परत लावा,” समृद्धी म्हणाली.

तिनं ते ऐकलं, मान खाली घालून. मग म्हणाली, “तेव्हा मला थांबायचं कुठं तेच कळत नव्हतं, म्हणून मी वाजवत राहिले. हा शेवट जास्त खरा आहे. नव्या रेकॉर्डवर दोन्ही टाकू. कुणी कापलं हे?”

“मी,” अरिहंतच्या तोंडून निघून गेलं.

आता मात्र सगळी आडत हसली. “आत्ता तर तुटकं म्हणून नाक मुरडत व्हतास, राव,” आदेश म्हणाला. अरिहंत कार्डाची हकिगत सांगू लागला, पण ऐकतो कोण? ह्या माणसाला नुमानचं चांगलं बघवत नाही, हे सगळ्यांना कधीचंच ठाऊक होतं.

नुमान उठला.

“खरं बोलतोय त्यो. कार्ड त्यानंच भरून दिलं व्हतं,” तो म्हणाला. “त्यानं दिलं नसतं तर ताई, आमी तुमचं नावबी ऐकलं नसतं. मजकूर त्यालाच लिहू द्या.”

अरिहंतनं त्या आवाजात टोमणा शोधला, कान देऊन शोधला. नव्हता. नुमाननं एखादी शिवी हासडली असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

समृद्धीनं हसून मान हलवली आणि त्याचं नाव विचारून मोबाइलमध्ये घालून घेतलं. टाळ्या पडल्या, सगळ्यात मोठी नुमानची. हवं होतं ते अरिहंतला मिळालं. आता मजकूर लिहायचा होता, आणि खरं लिहायचं म्हटलं तर पहिल्याच ओळीत नुमानचं नाव घालावं लागणार होतं.