पडद्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे; खिडकीचा असतो तर सुखात असतो. मी सिनेमाचा पडदा आहे, आणि तोही थिएटरातला नाही, गाडीत कोंबून गावोगाव नेला जाणारा. सध्या चांद्याच्या एका गोदामात माझी घडी पडली आहे आणि घडीवर कोणीतरी खडूच्या पेट्या रचल्या आहेत. आयुष्यभर मी लोकांची मतं ऐकली. माझं मत कोणी विचारलं नाही. म्हणून आज मी बोलणार आहे, आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

मी नागपूरच्या एका गिरणीत मांजरपाट म्हणून विणला गेलो. माझ्या ठाणातली भावंडं सदरे झाली, गाद्यांच्या खोळी झाली आणि माणसांच्या अंगावर-अंगाखाली सुखाने झिजली. मला मात्र चांद्याच्या शालिकराम शिंप्याने तीन पट्ट्या जोडून शिवलं, कडेने काळं कापड लावलं, कोपऱ्यांना पितळी कड्या ठोकल्या आणि म्हणाला, "हा कपडा लय दुनिया पाहीन." साफ खोटं. पडद्याला सिनेमा दिसत नाही. सिनेमा त्याच्या अंगावर पडतो आणि त्याला दिसतात फक्त बघणारे. सिनेमात काय चाललंय हे मला त्यांच्या तोंडूनच कळायचं, आणि त्यांची तोंडं कधी बंद नसायची.

सरकारी प्रचाराच्या गाडीवर माझी नेमणूक झाली. ऑपरेटर होता बिरजू. तो मशीनला फुलासारखं जपायचा, तेल द्यायचा, मऊ फडक्याने पुसायचा. ते मऊ फडकं हरवलं की मला पुसायला घ्यायचा. पहिली एकदोन वर्षं मला बांधताना लोक टाळ्या वाजवायचे. पुढे मला बांधलेलं कोणाच्या लक्षातही येईना. सिनेमा आवडला तर सिनेमा चांगला, नाही आवडला तर पडदा मळका.

भातलावणीची नवी रीत, देवीची लस, अल्पबचत असले सिनेमे मी निमूटपणे अंगावर घेतले. पण एका वर्षी एक नवाच सिनेमा आला. त्यात एकच माणूस. तो एकटा रानात हिंडतो आणि डोंगरांचे, पाण्याचे, झाडांचे फोटो काढतो. बस्स. गाणं नाही, मारामारी नाही. शिवाय हा बाबा सबंध सिनेमात पाठमोरा, नाहीतर कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली. तोंड म्हणून दिसत नाही. शेवटी त्याने काढलेले फोटो एकामागून एक दाखवतात आणि सिनेमा संपतो.

आता यावर मतं ऐका. चामोर्शीच्या बाजारात बायकांना एकच काळजी, की याला घरच्यांनी हाकलून दिलं की हाच रुसून निघाला. माजरीच्या खाणीवरचे मजूर दिवसभर कोळशाच्या अंधारातून वर आलेले. त्यांचं म्हणणं, एवढं हिंडतो तर एखादा वाघ तरी दाखवायचा. एटापल्लीत लोक आधी हसले आणि मग उठून गेले. जंगल त्यांच्या दारातच होतं, ते कपड्यावर कशाला बघायचं? एका गावात गुणवंतराव मास्तरांनी उभं राहून अप्रतिम, अप्रतिम म्हणून भाषण केलं. मास्तर सुरुवातीपासून घोरत होते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि सगळीकडे शेवटी तेच, पडदा मळका आहे. मला वाटायचं, फाटावं आणि सुटावं.

असाच तो सिनेमा घेऊन आम्ही चामोर्शीपुढच्या एका गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि चांगल्या माणसांना राग लवकर येतो. गाव ढिवरांचं. तलावात मासे धरायचे आणि हंगामात दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जायचं. तिथे एक रीत होती. जाळं ओढलं की मासळीचे वाटे पडायचे, घरटी एक. ज्या घरात जाळं ओढणारा गडी उरला नाही, त्या घराचाही वाटा निघायचा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राहणाऱ्या रुखमाबाईला नवरा गेल्यावरही असा वाटा मिळत होता. त्यावरच तिचं चालायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या ओसरीवर एक परका माणूस उतरला. तीन पायांच्या घोडीवर पेटी ठेवायची, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आणि तलावाकडे बघत उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. रुखमाबाईने त्याला दिवाळीपर्यंत भात-मासळी रांधून घातली. तो गेला, आणि लगेच सरकारी मोजणीची माणसं साखळी घेऊन तलावावर हजर झाली. मालगुजारी नुकतीच संपून तलाव सरकारजमा झाले होते. तलावांचा लिलाव होणार, बाहेरचा ठेकेदार येणार, अशी बोलवा होती. गावाने सुतावरून स्वर्ग गाठला. तीन पायांची घोडी म्हणजे मोजणीवालाच, आणि रुखमाबाईने त्याला घरात ठेवून गावाचा तलाव दाखवून दिला. ती ओरडून सांगत होती की तो फोटोवाला होता. मग फोटो कुठे आहे, असं लोक विचारायचे. फोटो तर तो घेऊन गेला होता. ढिवरांचा जाणता म्हणून रामाजीचा शब्द चालायचा. त्याने रुखमाबाईचा वाटा बंद केला.

बिरजूने गावात दवंडी दिली, रानावनात एकट्याने हिंडणाऱ्या फोटोवाल्याचा सिनेमा आहे म्हणून. ती ऐकून रुखमाबाई धावतच गाडीपाशी आली आणि विचारू लागली, आमचा तलाव आहे का त्यात? बिरजूने तो सिनेमा कितीदा दाखवला असेल, देव जाणे. पण तलाव आहे एवढंच त्याला आठवत होतं; कोणाचा, ते तो कुठून सांगणार? तोवर मागून रामाजी आला आणि चार माणसांत बोलला, "सिनेमात आपला तलाव दिसला, त वाटा चालू. नाई दिसला, त हे गोष्ट पुन्हा काढाची नाई." रुखमाबाईने मान डोलावली. दोन वर्षांचा उपास तिच्या गालांवर दिसत होता.

मला दोन बांबूंना ताणून बांधलं. पुढची जागा पुरुषांनी धरली, म्हणून बायका माझ्या मागे बसल्या. आमच्याकडे हे नेहमीचंच. मी पातळ आहे, उजेड माझ्यातून पार जातो. मागच्यांना आणखी नीट दिसावं म्हणून बिरजूने माझ्यावर बादलीभर पाणी मारलं. हवा गार होती, पण पडद्याला कुडकुडताना कोण बघतो? रुखमाबाईला रामाजीने मुद्दाम पुढे, आपल्या शेजारी बसवलं.

सिनेमा सुरू झाला. त्यातला पुणेरी आवाज म्हणाला की या निर्जन प्रदेशात मैलोन्‌मैल माणूस नाही, हा कलावंत स्वतः चूल पेटवतो आणि स्वतःच शिजवून खातो. पुरुषांत हशा पिकला. रुखमाबाई चिडून पुटपुटली की त्याला चुलीत फुंकर मारायची कशी हेही कळत नव्हतं. कोणी लक्ष दिलं नाही. समोर सबंध गाव बसलेलं आणि माझ्या अंगावरून आवाज सांगतोय, इथे माणूस नाही! मलाच लाज वाटली.

मग फोटो आले. डोंगर झाला, नदी झाली, आणि एक तलाव आला. रुखमाबाईचा चेहरा फुलला. तिने हात वर केला आणि मग हळूहळू तो खाली आला. रामाजी उठून माझ्याजवळ आला.

"पाळीवरचं वाकडं मोहाचं झाड आपल्यावानी हाये," तो म्हणाला. "पन आपली पहाडी उजव्या अंगाले हाये. इथी डाव्या अंगाले हाये. हा तलाव आपला नाई."

रुखमाबाईलाही तेच दिसत होतं. आपल्या दारातून रोज बघितलेलं पाणी तिला ओळखता येत नव्हतं आणि ती वेड्यासारखी माझ्याकडे बघत होती. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर मी काहीतरी खोटं बोललो असतो.

एवढ्यात मागून ताराबाईचा आवाज आला. ही रुखमाबाईची शेजारीण. "काऊन गा, डोये फुटले का तुमचे? हा आपलाच तलाव हाये. रुखमाच्या ओसरीवरून दिसते तसाच."

पुढून पुरुष म्हणाले, बायकांनी गप्प बसावं. मागून बायका म्हणाल्या, पुरुषांनी चष्मे लावावेत. पुढून एक बोट मला टोचून पहाडी डावीकडे असल्याचं दाखवी, मागून दुसरं बोट टोचून उजवीकडे असल्याचं दाखवी. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि भोकं मला पडत होती. पलीकडे जाऊन एकदा बघावं, एवढी साधी गोष्ट कोणालाही सुचेना. शेवटी बिरजू कंटाळून मशीन थांबवून मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काच उलटी छापली कोनीतरी," तो म्हणाला. "फोटो काचेवर निघते; छापताना थे काच उलटी लागली का डाव्याचं उजवं होते. मागून पाहा, बराबर दिसते."

रामाजी आधी जाईना. बायकांत जाऊन बसायचं म्हणजे काय! पण एकेक करून सगळे पुरुष उठून मागे गेले, आणि एकट्याने पुढे उभं राहणं त्याला बरं दिसेना, तेव्हा तोही गेला. बिरजूने शेवटचं रीळ पुन्हा लावलं. पहाडी उजवीकडे, मोह डावीकडे, आणि पाळीवरचा तो दगड, ज्यावर हे सगळे लहानपणी बसले होते. रुखमाबाई मात्र पुढेच बसून राहिली. तिने तो फोटो मागून पाहिलाच नाही.

सकाळी बिरजूने मला वाळायला तलावाच्या पाळीवर पसरलं. जाळं ओढून झालं होतं. रामाजीने वाटे पाडले आणि एक वाटा रुखमाबाईपुढे सरकवला. इतरांपेक्षा थोडा मोठाच होता. चुकलं वगैरे तो म्हणाला नाही. तिने मासे टोपलीत भरले, टोपली कमरेवर घेतली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"दोन सालं मी माह्या तोंडानं सांगत होती, थे लबाड. या फडक्यानं सांगितलं, थे खरं. मासे मी नेऊन राह्यली, रामाजीभाऊ. पन उद्या माह्यावर पुन्हा काही आलं, त मी फडकं कुठून आनू?"

रामाजी जाळ्यातला गवताचा काडीकचरा काढत बसला. बाकीचेही आपापल्या टोपल्यांत बघू लागले.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं ऐकलं होतं आणि मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही; उलट संताप आला. अहो, मी कापड आहे. माझ्यावर जो उजेड टाकाल तो मी दाखवतो, खराही आणि खोटाही. मला कोरडं करून घडी घाला, उंदरांपासून जपा, एवढं माझ्यासाठी खूप झालं. पण तुमच्या गावातली बाई खरी की खोटी, हे मला विचारायला येऊ नका. ती तुमच्या शेजारी राहते.