कुठल्याही गाडीवर बसणारा कॅरिअर

आदेशदादाच्या जीपवर माझा हँग ग्लायडर न्यायला कुठला कॅरिअर बसवायचा, यावरून आम्हा बहीण-भावाचं आठवडाभर वाजलं.

"टपाला वेल्डिंगच मारू गो, पक्कं काम," दादा म्हणाला.

"नाय! पट्ट्यांनी बांधायचा. कुठल्याही गाडीवर बसला पायजे."

"आपल्याकडं जीपा काय दहा हायेत?"

मी ऐकलं नाही. ग्लायडरच्या नळ्यांना पोचे पडू नयेत म्हणून कॅरिअरला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळली. "आता बैल लागतील मागं," म्हणून दादा हसला.

रविवारी डोंगरावरून उडाले ती थेट धसईपर्यंत आले. इतकी लांब मी कधीच गेले नव्हते. कापणी झालेल्या शेतात उतरले, ग्लायडरची घडी घातली आणि जीपची वाट बघत बसले.

जीप आलीच नाही. ती डोंगराच्या पायथ्याशीच बंद पडली होती. आला तो भाजीचा टेम्पो. त्याच्या टपावर माझा कॅरिअर आणि पुढे चेहरा पाडून बसलेला दादा.

मुरबाडच्या नाक्यावर ग्लायडर बघायला लोक जमले, तसा दादा छाती काढून सांगायला लागला, "कॅरिअर आमी निवडला."

"कोणी?" मी टेम्पोतून ओरडले.

"हिनं," दादा पुटपुटला.

"मोठ्यानं सांग!"

त्यानं सांगितलं. अख्ख्या नाक्यानं ऐकलं.