कॅरलची वाट

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेयर आहे. कारखान्यात मी जन्मलो खरा, पण मला मान मिळाला तो वसईतल्या गिरीज गावच्या व्हेरोनिकाबायच्या घरी, तोही नाताळात. अठरा वर्षं झाली त्याला.

नाताळच्या संध्याकाळी केळीच्या वाडीपलीकडून हरिश्चंद्रकाका आणि मालनकाकू यायचे. केक तोंडात पडायच्या आधीच वाद पेटायचा : नाताळचा सगळ्यांत चांगला पिक्चर कोणता? तबकड्या इनमिन दोन! एक पिक्चर बेकरीवाल्याचा. त्याचा चष्मा हरवतो आणि गावभर खारट केक जातात. दुसरा बर्फातल्या स्टेशनमास्तरचा.

"हसून हसून पोट दुखलं पाहिजे, तोच नाताळचा पिक्चर," मालनकाकू म्हणायच्या.

"डोळ्यांत पाणी आलं पाहिजे!" काका गरजायचे आणि स्टेशनमास्तर लावायला लावायचे.

पिक्चर इंग्रजी. चार शब्द कानावर पडले की काका आवाज बंद करून स्वतःच गोष्ट सांगायचे. "मास्तर दिवा घेऊन उभा आहे बघा. पोरीची वाट बघतोय. कॅरल येणार, कॅरल येणार म्हणतोय बिचारा." शेवटी कंदील घेतलेली माणसं दारात यायची. काका ओरडायचे, "ती लाल टोपीवाली! आली पोर घरी!" टाळ्या पडायच्या आणि मी उगाचच फुशारून जायचो.

पुढे माझ्यावर धूळ साचली. व्हेरोनिकाबायचा मुलगा स्टीवन कॅनडात असतो. सहा नाताळ झाले, तो आलेला नाही. यंदा त्याने भिंतीएवढा टीव्ही पाठवला. मला फडक्यात गुंडाळून भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं. माझा जीव तिथेच अर्धा झाला.

काकांची नात रिद्धी हिने तोच स्टेशनमास्तरचा पिक्चर नव्या टीव्हीवर शोधून काढला. खाली मराठी अक्षरं उमटत होती. थोड्याच वेळात ती हसत सुटली.

"आजोबा, कॅरल म्हणजे पोरगी नाहीच! नाताळची गाणी! मास्तर गाणारे कधी येतात ते बघतोय. मुलगी कुठाय त्याला?"

आता मला सांगा, काकांचं काय चुकलं? त्यांच्या शाळेच्या एकाच वर्गात कॅरल नावाच्या तीन मुली होत्या! पण त्यांचा चेहरा पडला. ते उठले, चपला शोधू लागले. "अठरा वर्षं थापा मारल्या मी," एवढंच म्हणाले.

"बसा हो हरीभाऊ," व्हेरोनिकाबाय म्हणाली. "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. चर्चमध्ये गाणारी बाई मी, मला कॅरल ठाऊक नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्या पिक्चरमध्ये गाणारे येतात नि निघून जातात. तुमच्या पिक्चरमध्ये पोर घरी येते."

काका परत येऊन बसले. मालनकाकूंनीही बेकरीवाल्याचं नाव काढलं नाही. रिद्धी दाराशी आली. तिने फडकं सोडलं, माझी धूळ पुसली आणि मला नव्या टीव्हीला जोडलं. गोष्ट काकांनी एक शब्दही न बदलता सांगितली. मीही कुठे अडकलो नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्याहून एक मोठं काम सांगतो. म्हाताऱ्या माणसाची चूक सुधारायची घाई झाली, तर आधी शेजारी बसलेल्यांकडे नीट बघा. त्या चुकीच्या आधारावर कुणीतरी नाताळ साजरा करत असतं.