पंक्चर नसलेले पॅच

पट्टा टेबलावर सपाट पडला होता.

जुन्या ट्यूबचा पट्टा असा कधी पडत नाही. ट्यूब म्हणजे मुळात एक कडं. ते कापून, मधोमध चिरून उलगडलं तरी रबर आपला आकार विसरत नाही. कडा आतल्या बाजूला वळतात, लांबीतही थोडा बाक राहतो. म्हणून धुतलेले पट्टे आम्ही कापण्याआधी फरशीच्या तुकड्यांखाली दाबून ठेवतो, आणि तरीही शिवताना ते हाताला ओढ देतात. हा पट्टा मात्र टेबलाला असा चिकटला होता, की खालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. मी एक टोक उचललं आणि सोडलं. ते होतं तसं परत पडलं.

"मावशी, हा किती दिवस दाबून ठेवला होता?" मी विचारलं.

शिलाईवाल्या मावशींनी मशीन थांबवलं नाही. "हल्लीची रबरं फार गुणी झालीत बाई. आधी रुसलेल्या सुनेसारखी अंग चोरायची. आता जावयासारखी ऐसपैस पसरतात."

पलीकडे कानातल्यांना हुक लावत बसलेल्या दोघी-तिघी हसल्या. माझी जाऊ हसली नाही. ती धाकटी असल्यामुळे घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. तिने बक्कलांच्या डब्यातून एक बक्कल उचललं, उजेडात धरलं आणि परत डब्यात टाकलं.

हा कारखाना आमच्या घराच्या तळमजल्यावर आहे. वर मी, माझा नवरा आणि धाकटी. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, फिरतीच्या नोकरीत, अधूनमधून पाहुण्यासारखा येतो. हे सगळं सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. धाकटीने सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून नखं कापायच्या कात्रीने पानांच्या आकाराची कानातली कापली होती आणि ती घालून ती लग्नांना, बाजारात, बँकेत सगळीकडे फिरायची. बायका तिला थांबवून विचारायच्या. एकच अडचण होती, वास. "ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, हा वास घालवा ना," ती म्हणाली होती. मी घालवला. कशात किती वेळ भिजवायचं, आतली पांढरी पावडर कशी काढायची, पृष्ठभागावर येणारा तेलकट थर कशाने पुसायचा, हे शोधायला माझी एक सुट्टी गेली. पुढे कानातल्यांवरून आम्ही पट्ट्यांवर आलो, पट्ट्यांवरून पिशव्यांवर. मी नोकरी सोडली. माल आणायचं काम नवऱ्याने घेतलं.

आणि कार्डं माझी. आमची प्रत्येक पिशवी एकाच ट्यूबची असते आणि ट्यूबला पडलेली पंक्चरं आम्ही लपवत नाही. पिशवी अशी कापतो, की पंक्चरवाल्याने लावलेला पॅच दर्शनी भागावर यावा. तो पॅच बघून मी त्या ट्यूबबद्दल कळेल तेवढं एका लहान कार्डावर हाताने लिहिते. मालाच्या गाडीचं मागचं चाक. बरीच वर्षं वापरलेली. शेवटचा पॅच घाईत लावलेला, कडा नीट घासलेल्या नाहीत. कार्ड बांधल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही. शहरातल्या ज्या मोठ्या दुकानात आमचा बहुतेक माल जातो, तिथल्या मालकीणबाई म्हणतात, गिऱ्हाईक आधी कार्ड वाचतं, मग पिशवीची चेन उघडून बघतं.

त्या दुपारी मी तो सपाट पट्टा धुण्याच्या खोलीत नेला. त्याच्यावर एक पॅच होता, तांबूस, कडेने काळा. पॅच चिकटवायचं सोल्युशन मऊ होईल असं द्रावण कापसाने लावलं आणि चिमट्याने पॅच हळूहळू उचलला.

खाली भोक नव्हतं.

मी पट्टा उजेडासमोर धरला, ताणला, बोट फिरवलं. रबर अखंड होतं. कोणीतरी पॉलिश पेपरने घासून, सोल्युशन लावून, धड रबरावर पॅच चिकटवला होता.

पहिल्यांदा मला राग आला नाही. मी दुसरा पट्टा घेतला. शंका आली की आणखी एक नमुना तपासायचा, ही सवय अंगात मुरलेली. दुसऱ्याच्या पॅचखालीही काही नव्हतं. मायक्रोमीटरने जाडी मोजली. जुनी ट्यूब कुठे पातळ, कुठे जाड असते, व्हॉल्व्हजवळ तर फारच. हे दोन्ही पट्टे टोकापासून टोकापर्यंत सारखे होते. रबराच्या कारखान्यातून नवी सपाट शीट आणायची, तिला पॉलिश पेपर मारायचा, थोडी धूळ चोळायची आणि ट्यूब म्हणायचं.

संध्याकाळी चहाला मी धाकटीला विचारलं, "हा नवा माल कुठून येतोय गं?"

"कुठून म्हणजे? पंक्चरवाल्याकडून. अजून कुठून?"

"सपाट वाटला."

"ताई, तुम्ही पण ना. एक दिवस चहात साखर किती विरघळली तेही मोजाल." तिने माझ्या कपात अर्धा चमचा साखर आणखी घातली. मला लागते तेवढीच. मी हसले. तिचं असं आहे, ती चिडवते तेव्हा माणूस विचारायचं विसरतो.

नवरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं नाही.

पुढचे काही आठवडे मी तपासत राहिले. खरं सांगायचं तर तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण तपासत होते तोवर बोलावं लागत नव्हतं. या काळात कार्डं लिहिणंही चालू होतं. पिशव्या जात होत्या. पेन हातात घेऊन मी त्या पॅचकडे बघायची आणि काय लिहावं ते सुचायचं नाही. मग मी लिहायची: एकदा पंक्चर. तेवढंच. तेही खोटं होतं.

शेवटी मी पंक्चरवाल्याकडे गेले. चौकाच्या कोपऱ्यावर त्याची टपरी आहे, बाहेर पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेले टायर. मला बघून त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"बऱ्याच दिवसांनी बाई. म्हटलं विसरलात आम्हाला."

"माल नाही मिळत का आता?"

"कमी मिळतो. नव्या गाड्यांना ट्यूबच नसते ना. पण थोडाफार असतोच, मी बाजूला ठेवायचो तुमच्यासाठी. पण तुमच्या साहेबांनीच सांगितलं, आता नको म्हणून." तो हसला. "उलट पॅचची मोठी पेटी घेऊन गेले माझ्याकडून. मागे परत आले, अजून एक पेटी. मी विचारलं, काय साहेब, माझ्यासमोर दुकान काढताय की काय? मग सांगा बुवा, मी दुसरा चौक बघतो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बायकोला पंक्चर काढायला शिकवतोय."

तोही हसला, मीही हसले. त्याच्या टपरीमागे एक पिंप होतं, त्यात जुन्या ट्यूबा कोंबलेल्या. माझ्यासाठी ठेवलेल्या आणि कोणी न नेलेल्या.

परत येताना मी पायी आले. हे काम सोडायचं, ते त्या रस्त्यावरच ठरलं. ठरवायला अवघड गेलं नाही. बोलणं अवघड होतं. मी बोलले असते तर दुकान गेलं असतं आणि दुकानाबरोबर मावशींचं, त्या हुक लावणाऱ्या बायकांचं काम. आणि बोलायचं कोणाविरुद्ध? जिला मी वास घालवून दिला तिच्याविरुद्ध, आणि ज्याच्या शेजारी मी रोज निजते त्याच्याविरुद्ध. घरी पोहोचले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "उशीर झाला?" मी म्हटलं, "हो." जेवण वाढलं. त्याने भाजी पुन्हा मागून घेतली.

आज बोलायचंच, असं मी रोज सकाळी ठरवायची आणि रोज रात्री पुढे ढकलायची.

मग दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप आला. त्यांच्याबरोबर बाहेरगावचे दोन व्यापारी येणार होते, कारखाना बघायला. धाकटीने सगळी खोली झाडून घेतली, दर्शनी टेबलावर नवीन पिशव्या मांडल्या, भिंतीवर कानातल्यांची रांग लावली. नवरा खुर्च्या आणत होता.

"ताई, तुम्ही नेहमीसारखं बोला," धाकटी म्हणाली. "ते धुण्याचं, पॅचचं. तुम्ही सांगता ना, तेव्हा लोक ऐकत राहतात."

"काय सांगू? पॅचखाली भोक नाही हे सांगू?"

तिचा हात पिशवीवर तसाच राहिला. नवऱ्याने खुर्ची खाली ठेवली. मावशींचं मशीन मात्र चालू होतं. उलट वेग वाढला.

"कधी कळलं?" धाकटीने विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही. कोणाकोणाला माहीत होतं ते सांग."

तिने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी सुईखालून पट्टा सरकवला, मान वर केली नाही.

"ट्यूबा मिळेनाशा झाल्या होत्या," नवरा म्हणाला. "मागणी वाढली होती. या सगळ्यांना घरी बसवायचं का? रबर ते रबर. पिशवी टिकाऊ आहे, कोणाचं नुकसान नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकलं असतंस का?"

"ते मी सांगितलं असतं. मला विचारलं का नाही?"

आता धाकटी पुढे आली. तिने माझा हात धरला, नेहमी धरते तसा, दोन्ही हातांनी. "ताई, रागावू नका. तुम्हाला माहीत असतं, तर ते तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुम्हाला खोटं बोलताच येत नाही. लोक तुमच्या तोंडाकडे बघून घेतात. म्हणून म्हटलं, ताईंना नको. तुमचं कौतुकच आहे हो यात."

तोवर मला वाटत होतं, की त्यांनी माझ्यापासून लपवलं, कारण त्यांना माझी भीती वाटली, किंवा लाज वाटली. भीती आणि लाज या दोन्ही गोष्टी मी समजून घेऊ शकले असते. पण तसं नव्हतं. त्यांनी विचार करून मला अंधारात ठेवलं होतं. माझं न कळणं त्यांना कामाचं होतं. पॅच होते, सोल्युशन होतं, धूळ होती, तशी मी होते. नव्या रबराला जुनं करणारा सगळ्यात चांगला थर मीच होते.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी आजवर कधी वापरलं नव्हतं. मला तो वाक्प्रचार अतिशयोक्त वाटायचा.

"आजचा दिवस सांभाळून घे," नवरा हळू आवाजात म्हणाला. "नंतर तू म्हणशील तसं करू."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे नंतर."

बाहेर गाडीचं दार वाजलं. धाकटीने माझा हात सोडला आणि पदर सारखा करत दाराकडे गेली. तिच्या कानात पानांची ती पहिली जोडी होती. खास प्रसंगी ती तीच घालते.

मालकीणबाई आत आल्या, मागे ते दोन व्यापारी, एक उंच, एक चष्मेवाला. नमस्कार झाले, पाणी झालं. नवरा त्यांना खोली दाखवत होता. चष्मेवाल्याने टेबलावरची एक पिशवी उचलली, पॅचवरून अंगठा फिरवला आणि कार्ड वाचलं.

"हे तुम्ही लिहिता?" त्याने मला विचारलं.

"हो."

"मी बाईंना म्हणत होतो, हे कार्ड आम्हाला आमच्याकडेही हवं. पण तुमच्याच अक्षरात."

"तेच बोलायला आलोय आम्ही," मालकीणबाई म्हणाल्या. "यांना दर महिन्याला माल पाहिजे. खूप पाहिजे. पण यांची अट एकच आहे, कार्ड तुम्हीच लिहायचं. लिहाल ना? त्या पिशवीचंच सांगा आधी. कुठल्या गाडीची ट्यूब ही?"

धाकटी माझ्याकडे बघून हसली. तिने मान किंचित हलवली. नवरा खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याची नजर माझ्यावर नव्हती, चष्मेवाल्यावर होती. मी काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मी त्याला कधी चुकीचं ठरवलं नव्हतं.

मावशींनी मशीन थांबवलं.

मी चष्मेवाल्याच्या हातून पिशवी घेतली. कार्डाची गाठ सोडायला थोडा वेळ लागला. कार्ड मी खिशात ठेवलं आणि पिशवी परत त्याच्या हातात दिली.

"ही कुठल्याच गाडीची ट्यूब नाही," मी म्हणाले. "हे नवं रबर आहे. यावरचा पॅच खोटा आहे आणि कार्डही. मी यापुढे कार्ड लिहिणार नाही. हे काम मी सोडतेय, आजपासून."