कंदील आणि खारूताई

माझी लेक आणि तिची मित्रमंडळी मिळून प्रोग्रामिंगची एक भाषा घडवतात. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी. शनिवारी सकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत सगळे जमतात. खालून हवा भरायच्या पंपाचा आवाज येत असतो. निवृत्तीनंतर मी हीच भाषा शिकलो, पण लेकीला विचारून नाही, डॉक्युमेंटेशन वाचून. विचारायला मला संकोच वाटतो. वाचायला कधी वाटला नाही. तिच्यात मी घरातल्या पुस्तकांची यादी लावणारा एक छोटा प्रोग्रामही लिहिला.

भाषेची नवी आवृत्ती येऊ घातली होती. तिच्यासोबत चेंजलॉग जातो, म्हणजे या खेपेला काय काय बदललं याची नोंद. तो कोणत्या साधनाने बनवायचा यावरून दोन तट पडले होते. लेकीने दोन वर्षं खपून ‘कंदील’ उभा केला होता. त्यात प्रत्येक बदल माणसाने नीट वाक्यांत लिहायचा, उदाहरण द्यायचं. दुसरं साधन ‘खारूताई’. काम जमा करताना प्रोग्रामर जी एक ओळ खरडतात, त्या सगळ्या ओळी ते आपोआप वेचून आणतं. ते सुचवलं होतं गटातल्या झटपटने. त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

“काकांना दोन्ही चेंजलॉग देऊ,” झटपट म्हणाला. “त्यांचा तो पुस्तकांचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर आणू देत. ज्याच्या मदतीने जमेल, ते साधन घ्यायचं. दुसरं बंद.”

“ते माझे वडील आहेत,” लेक म्हणाली.

“म्हणून तर. तुझ्या चुका काढायचा त्यांना जुना सराव असेल.”

“मला जमलंच नाही तर?” मी विचारलं.

“मग दोन्ही नापास, काका. तोही निकालच.”

घरी येऊन आधी कंदिलाचा चेंजलॉग वाचला. इतकं स्वच्छ लिहिलं होतं की मी मध्येच थांबून एक परिच्छेद पुन्हा वाचला, नुसता मजेसाठी. सांगितले तेवढे बदल केले आणि प्रोग्राम चालवला. चूक काही दाखवली नाही, पण पुस्तकांची यादी अस्ताव्यस्त आली. चूक माझीच असणार हे मी धरूनच चालतो. सगळा दिवस स्वतःच्या ओळी तपासण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी खारूताई उघडली. पानंच्या पानं नुसत्या ओळी. ‘टायपो काढला.’ ‘राहिलेला टायपो काढला.’ ‘आता खरंच काढला.’ आणि त्याखाली, तितक्याच बारीक आवाजात, ‘क्रम लावल्यावर आता नवी यादी मिळते.’ पूर्वी क्रम लावा म्हटलं की हातातलीच यादी ओळीने लागायची. आता ती जशीच्या तशी राहते आणि लागलेली यादी वेगळी मिळते. मी जुनीच घेऊन बसलो होतो. एक ओळ बदलली आणि पुस्तकं शहाण्यासारखी उभी राहिली.

संध्याकाळी लेक कप पुसत होती. “कसा वाटला कंदील?”

“लिहिलंयस सुंदर.”

“मग चेहरा का असा?”

मी पुसलेला एक कप उचलून फळीवर ठेवला. तिने हातातला कप खाली ठेवला. “बाबा, काही राहिलं असेल तर मला इथे नका सांगू. मी आत्ताच भरून टाकेन आणि ते बरोबर होणार नाही. शनिवारी सांगा, सगळ्यांसमोर.”

शनिवारी उभा राहिलो तेव्हा काय सांगायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. “कंदिलात एक बदल राहिलाय,” मी म्हटलं आणि कोणता ते सांगितलं.

लेकीने लॅपटॉपवर कंदिलाचा चेंजलॉग उघडून खालपर्यंत पाहिला. “तो मीच केलाय. इतका सवयीचा झाला की तो बदल आहे हेच विसरले.”

“ठरलं तर,” झटपट खुर्चीत मागे रेलला. “खारूताई.”

“नाही,” मी म्हटलं. “प्रोग्राम बिघडला नसता तर तुमच्या यादीतली ती ओळ माझ्या नजरेतून निसटली असती. काय शोधायचं ते आधी माहीत हवं. शिवाय एक टायपो तुम्ही तीनदा काढलाय.”

“चारदा,” कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. झटपटही हसला.

“खारूताईने वेचावं आणि कंदिलाने सांगावं,” मी पुढे म्हटलं. “वेचलेल्या प्रत्येक ओळीपुढे कोणीतरी समजावून लिहावं, नाहीतर ‘वाचकाला गरज नाही’ असं लिहून खाली स्वतःचं नाव टाकावं. एकही ओळ मोकळी असेल तर आवृत्ती बाहेर पाठवू नका.”

“काम दुप्पट होईल, काका,” झटपट म्हणाला.

“नाही होणार,” लेक म्हणाली. “वेचणं आजवर मी हातानेच करत होते. तिथेच तर राहिलं.” तिने लॅपटॉप झटपटकडे फिरवला. “कंदिलात तुझी यादी कुठून आत घ्यायची, बघ.”

हात वर झाले. झटपटचा सगळ्यांत शेवटी झाला, पण झाला. कंदील राहिला, आणि त्याच्या आत खारूताईही.

खालचा पंप पुन्हा सुरू झाला. लेकीने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि राहिलेली नोंद लिहायला घेतली.

“उदाहरण कोणतं देऊ, बाबा?”

“माझ्या पुस्तकांचं दे.”

“बिघडलेल्या यादीचं की दुरुस्त केलेल्या?”

“दोन्ही,” मी म्हटलं. “आधी बिघडलेली.”